दहा मिनिटं उजेडाची, दोन तास भावाचे

मागच्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. रात्रीचा पाऊण वाजला असेल. गच्चीवर बाज टाकून मी डाव्या कुशीवर पडलो होतो. डावा गाल उशीत रुतलेला, उजव्या हातात मोबाइल. आम्हा केळी पिकवणाऱ्यांच्या ग्रुपवर वाचण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा मोबाइल बंद केला आणि पाणी प्यायला उठलो. उजव्या डोळ्याने काहीच दिसेना.

आधी वाटलं, झोपेची गुंगी आहे. डावा डोळा तळहाताने झाकला. समोर पाण्याची टाकी नाही, कठडा नाही, चांदण्या नाहीत, नुसता करडा पडदा. मग उजवा झाकून पाहिलं तर डाव्याने सगळं स्वच्छ दिसत होतं. टाकी, दोरीवरचं आईचं लुगडं, पार मागे सातपुड्याची काळी रेघ. पुन्हा डावा झाकला. पुन्हा काही नाही.

माझ्या वडिलांचा एक डोळा काचबिंदूने गेला. शेवटची सात-आठ वर्षं ते मान वाकडी करून माणूस ओळखायचे. त्यामुळे त्या क्षणी माझ्या मनात दुसरं काही आलंच नाही. पाय गळून गेले, तांब्या हातात तसाच राहिला. शेजारच्या बाजेवरून आईचा आवाज आला, "कारे, काय झालं तुले?" मी म्हटलं, "काही नाही आई, तहान लागली." तिला कसं सांगणार? तिने हे सगळं एकदा पाहिलेलं आहे.

चार-पाच मिनिटांत करड्या पडद्यातून टाकीची कड दिसू लागली, मग दोरी, मग लुगडं. हळूहळू सगळं परत आलं. पण त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, आणि सकाळी पहिल्या गाडीने मी जळगाव गाठलं.

डोळ्यांच्या डॉक्टर मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न केला, "त्याआधी मोबाइल बघत होता का? कोणत्या कुशीवर?" मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली, तरी आधी डोळ्यांचं प्रेशर तपासलं, बाहुली मोठी करायचे थेंब घालून आतला पडदा पाहिला. वडिलांचा काचबिंदू त्यांनी कागदावर लिहून घेतला आणि दर वर्षी तपासणीला यायचंच, असं बजावलं. मग समजावलं.

अंधारात डोळा सरावतो आणि उजेडात वेगळा सरावतो, हे आपल्याला माहीत असतं. उन्हातून घरात आलं की घटकाभर काही दिसत नाही, तसं. माझा डावा डोळा उशीत दबलेला होता, म्हणजे तो अर्धा-पाऊण तास अंधाराला सरावला. उजवा एकटाच स्क्रीनच्या उजेडात. स्क्रीन बंद केली तेव्हा डावा अंधारात पाहायला तयार होता, उजवा अजून उन्हातच होता. दोन्ही डोळे सारखेच सरावलेले असते तर मला काही कळलंही नसतं. २०१६ साली इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी अशाच दोन बायकांची हकीकत न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापली होती. त्यांनाही आधी मेंदूचं काहीतरी असेल म्हणून तपासण्या कराव्या लागल्या होत्या.

"तुमच्या डोळ्याला काही झालेलं नाही," मॅडम म्हणाल्या, "पण मोबाइल हातात नसताना एका डोळ्याची नजर अशी गेली, तर सकाळची वाट पाहू नका. तशीच गाडी काढा." हे वाक्य मी इथे मुद्दाम लिहितो आहे. माझी हकीकत वाचून कुणी खरा आजार मोबाइलवर ढकलून घरी बसू नये.

मी सुटकेचा श्वास टाकून उठणार, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "डोळे जळतात का? संध्याकाळी पाणी येतं?" येत होतं. वर्षभर येत होतं. मी ते धुळीवर, उन्हावर, केळीच्या बागेतल्या फवारणीवर टाकत होतो. त्यांनी केशरी टोकाची एक बारीक कागदी पट्टी ओली करून पापणीला लावली, निळ्या दिव्यात पाहिलं आणि म्हणाल्या, "आता पापणी न मिटता समोर बघा." मोजत राहिल्या. डोळ्यावरचा अश्रूंचा पातळ थर पापणी मिटल्यानंतर निदान दहा सेकंद तरी अखंड राहायला हवा. माझा पाचव्या-सहाव्या सेकंदालाच फाटत होता.

"पाणी येतं म्हणता, मग कोरडे कसे?" मी विचारलं. हा प्रश्न बहुतेक प्रत्येक पेशंट विचारत असणार. उत्तर असं की, अश्रू म्हणजे नुसतं पाणी नव्हे. आत डोळ्याला चिकटून राहणारा बुळबुळीत भाग, मध्ये पाणी, आणि वर तेलाची साय. तेल पापण्यांच्या कडेच्या बारीक ग्रंथींतून येतं आणि प्रत्येक वेळी पापणी लवली की डोळाभर पसरतं. पापणी लवली नाही तर तेल पसरत नाही, खालचं पाणी उडून जातं, डोळा उघडा पडून चुरचुरतो. मग शरीर घाबरून एकदम पाणी सोडतं. ते गालावरून वाहून जातं आणि डोळा पुन्हा कोरडाच. ओल न धरणाऱ्या जमिनीत मोकाट पाणी सोडावं तसं.

मोबाइल बघताना पापणी कमी लवते, हे त्यांनी सांगितलं, पण माझा विश्वास घरी आल्यावर बसला. मी बाजेवर बसून नेहमीसारखा ग्रुप वाचत होतो. सौ. समोर मेथी निवडत बसली होती. तिला म्हटलं, घड्याळ लावून एक मिनिट माझ्या पापण्या मोज, पण मला सांगू नको कधी मोजतेस ते. थोड्या वेळाने ती म्हणाली, "पाच. आणि त्यातल्या दोन तर अर्ध्याच. नीट मिटल्याच नाहीत." मग मोबाइल ठेवून आम्ही मुलीच्या अॅडमिशनचं बोलत होतो तेव्हा तिने गुपचूप पुन्हा मोजल्या. एकोणीस. जपानमधल्या डॉक्टरांनी १९९३ साली ऑफिसातल्या लोकांच्या पापण्या अशाच मोजल्या होत्या. निवांत बसल्यावर मिनिटाला सरासरी २२, पुस्तक वाचताना १०, स्क्रीनवर ७. आमच्या ओसरीतला हिशेब काही फार वेगळा निघाला नाही.

आणि त्यात आमचा खान्देशी उन्हाळा. पारा ४५च्या वर, हवेत ओलावा नाही, आणि ज्या दिवशी गच्चीवर न झोपता खाली झोपायचो त्या दिवशी कूलर थेट तोंडावर. अंगाला गार वाटतं म्हणून मी बाज कूलरच्या समोरच ओढायचो. म्हणजे एकीकडे पापणी लवत नाही आणि दुसरीकडे उघड्या डोळ्यावर रात्रभर पंखा. मॅडमनी औषधाच्या आधी कूलरचं तोंड फिरवायला सांगितलं. वारा पायांकडे जाऊ द्यायचा. रोज रात्री कोमट पाण्यात बुडवून पिळलेलं स्वच्छ फडकं मिटल्या डोळ्यांवर पाच-सात मिनिटं ठेवायचं, म्हणजे थिजलेलं तेल मोकळं होतं. शिवाय अश्रूंसारखे थेंब. आणि चाळिशी. मी ४७ वर्षांचा, तीन वर्षं चाळिशी टाळत होतो. मोबाइलमधली अक्षरं मोठी करायची, मग हात लांब करायचा, मग पुन्हा जवळ आणायचा. दीडचा नंबर निघाला. चष्मा लावल्यावर पहिल्या संध्याकाळी कपाळावरची आठी गेलेली मला स्वतःला जाणवली.

चष्म्यावरून आठवलं. त्याआधीच्या दिवाळीत एका चष्म्याच्या दुकानात मला १,२०० रुपयांचा निळा किरण अडवणारा चष्मा विकला गेला होता. दुकानदाराने छोट्या निळ्या टॉर्चने उजेड पाडून दाखवला, काचेने तो अडवला, मी पैसे दिले. सहा महिने तो रोज रात्री लावून मोबाइल बघितला आणि चष्मा आहे म्हणून आधीपेक्षा जास्त वेळ बघितला. डोळे जळायचे ते जळतच राहिले. मॅडम म्हणाल्या, डोळ्यांचा थकवा त्याने कमी होत नाही. २०२३ साली कोक्रेन या उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या अभ्यासकांनी १७ चाचण्या एकत्र तपासल्या, त्यात साध्या काचेपेक्षा या काचेने डोळ्यांना जास्त आराम मिळतो असं दिसलं नाही, आणि झोपेबद्दलही ठाम काही हाती लागलं नाही. मोबाइलच्या निळ्या उजेडाने डोळ्याचा पडदा खराब होतो, या म्हणण्यालाही आधार नाही. दुपारच्या उन्हात उघड्या आभाळाखाली जेवढा निळा उजेड डोळ्यात जातो त्यापुढे मोबाइल काहीच नाही. मला त्या १,२०० रुपयांपेक्षा वाईट याचं वाटतं की, त्या काचेच्या भरवशावर मी सहा महिने खऱ्या कारणाकडे पाहिलं नाही.

मग झोपेचं काय? तीही मला उशिरा लागत होती. तिथे मात्र उजेडाचं खरंच काम आहे, आणि ते समजायला मला माझं बीएस्सी बॉटनी उपयोगी पडलं.

शेतकऱ्याला रात्रीच्या उजेडाचं नवल वाटायला नको. शेवंतीवाले दिवस लहान असताना शेतात रात्री बल्ब लावतात, म्हणजे झाड फूल धरायचं थांबतं आणि काडी वाढते. ड्रॅगन फ्रूटवाले हिवाळ्यात रात्री बल्ब लावून उलटं करतात, बिगरहंगामी फुलं काढतात. झाडाला डोळे नाहीत, तरी रात्र किती लांब आहे हे ते मोजतं आणि मध्ये उजेड दाखवला की फसतं. माणसाच्या डोळ्यातही असंच मोजणारं काहीतरी असेल, हे शास्त्रज्ञांना कळायला बराच काळ गेला. १९९८ मध्ये इग्नेशियो प्रोव्हेन्सियो यांना बेडकाच्या कातडीतल्या पेशींमध्ये मेलॅनॉप्सिन नावाचं उजेड ओळखणारं द्रव्य सापडलं. २००२ मध्ये अमेरिकेत डेव्हिड बर्सन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की, डोळ्याच्या पडद्यात काही पेशी याच द्रव्याच्या जोरावर चालतात. त्या चित्र पाहत नाहीत. बाहेर दिवस आहे की रात्र, एवढंच मेंदूतल्या घड्याळाला कळवतात. आभाळासारख्या निळ्या उजेडाला त्या सगळ्यात जास्त जाग्या होतात. आपल्या रोजच्या झोपेच्या साधारण दोन तास आधी मेंदूतली पिनिअल ग्रंथी मेलाटोनिन नावाचं संप्रेरक सोडू लागते. ती रात्रीची दवंडी. डोळ्यातून दिवसाचा निरोप येत राहिला की दवंडी लांबते.

हे वाचल्यावर मला वाटलं, सापडला चोर. पण मग एक आकडा वाचला आणि मी बराच वेळ विचार करत बसलो. अमेरिकेत १२ जणांना एका प्रयोगात घेतलं होतं, तो २०१५च्या सुमारास छापून आला. पाच रात्री झोपण्याआधी चार-चार तास उजळ टॅबलेटवर पुस्तक वाचायचं, पाच रात्री मंद दिव्यात कागदी पुस्तक. टॅबलेटवाल्या रात्रींत मेलाटोनिन निम्म्याहून जास्त दबलं, दुसऱ्या दिवशी त्याची वेळ दीड तास पुढे सरकली, सकाळी गुंगी जास्त. आणि झोप लागायला किती उशीर झाला? सरासरी दहा मिनिटं.

चार तास पूर्ण उजळ स्क्रीन बघूनही दहा मिनिटं. मी तर दीड-दोन वाजेपर्यंत तळमळत होतो. मग उरलेले दोन तास कुणी खाल्ले?

माझ्या मोबाइलमध्ये केळीचे अकरा ग्रुप होते. रावेर, सावदा, बऱ्हाणपूर, व्यापाऱ्यांचे, गाडीवाल्यांचे, रोपवाल्यांचे. रात्री नऊनंतर त्यांना खरा ऊत येतो. नवतीला, म्हणजे नव्या लागवडीच्या केळीला, काय भाव निघणार, पिलबागेला, म्हणजे जुन्या खोडाच्या पिलांवर घेतलेल्या पिकाला, किती, वापसीला, म्हणजे मागे राहिलेल्या हलक्या मालाला, कुणी विचारतंय का, दिल्लीची गाडी भरली की नाही, उद्या कटाई कुणाकडे. एक लिहितो, भाव पडणार. दुसरा लिहितो, चढणार. तिसरा कुठल्या तरी गावातल्या वादळाचा व्हिडिओ टाकतो, आडव्या झालेल्या बागेचा, आणि तो याच वर्षीचा आहे की तीन वर्षांपूर्वीचा हे कुणी विचारत नाही. आडवी बाग पाहिल्यावर केळीवाल्याच्या छातीत काय होतं ते केळीवाल्यालाच माहीत. अकरा-बारा महिने पोटच्या पोरासारखी वाढवलेली, घड लागलेली खोडं एका वाऱ्यात जमिनीवर.

एका रात्री साडेअकराला मेसेज आला की, उद्याची आमची कटाई रद्द, गाडी आली नाही. मी तीन वाजेपर्यंत जागा होतो. घड पक्व झालेले, उन्हात उभे, दोन दिवस गेले तर पिकायला लागतील, मग वापसीच्या भावात. सगळे हिशेब अंधारात मांडत राहिलो. आणि सकाळी सात वाजता व्यापाऱ्याचा फोन आला, गाडी मिळाली, माणसं पाठवतो. रात्री साडेअकराला कळून मी काय करणार होतो? मजूर झोपलेले, गाडीवाला झोपलेला, भाव ठरवणारेही झोपलेले. जागा मी एकटा.

मोबाइलचा उजेड मंद केला, रंग पिवळट केला, तरी तो मेसेज तितकाच जागवतो. म्हणून मी आता कुणी विचारलं की आधी हे सांगतो की, झोपेच्या आधी तुम्ही काय वाचता ते बघा, मग स्क्रीनच्या रंगाचं बोलू. घरातला टीव्ही तर मोबाइलपेक्षा कितीतरी मोठा, पण आई तो बघता बघता पेंगते, कारण तिला त्यातल्या कुणाची काळजी नसते.

आता माझी अडचण. मी मोबाइल बंद करून झोपू शकत नाही. आमच्या फीडरला शेतीची थ्री फेज लाईट काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्रीची. रात्रपाळीच्या आठवड्यात मोटर चालू झाली की नाही हे कळावंच लागतं. मेमध्ये एक पाळी चुकली तर पानं करपतात. विहिरीवर मोबाइलचा स्टार्टर बसवलेला आहे, तो फोन करून सांगतो. एवढ्या एका फोनसाठी मी सगळा मोबाइल उशाशी घेऊन झोपत होतो. मुलीने पाच मिनिटांत वाट काढून दिली. रात्री नऊ ते पहाटे पाच फक्त चार नंबरांची रिंग वाजेल: स्टार्टर, सालदार (सालावर ठेवलेला गडी), बहीण आणि मुलाचं होस्टेल. बाकी सगळं मुकं. आणि मोबाइल उशाशी नाही, जिन्यातल्या कोनाड्यात. रिंग ऐकू येते, हात पोचत नाही. व्यापाऱ्याला सांगितलं, कटाईचं काही असेल तर नऊच्या आत फोन करा, ग्रुपवर टाकू नका. त्याला त्यात काहीच जड गेलं नाही. अकरापैकी सात ग्रुप सोडले. त्याने भाव एक रुपयाही कमी मिळाला नाही.

ओसरीतल्या ट्यूबचाही थोडा वाद झाला. बल्बच्या खोक्यावर केल्विन म्हणून आकडा असतो. ६५०० म्हणजे दुपारसारखा पांढरा, ३००० म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बसारखा. जेवणानंतर पिवळा लावू, असं मी ठरवलं तर सौ. म्हणाली, "अहो, मला धान्यातले खडे दिसायला नकोत का?" तिचं बरोबर होतं. आता साडेआठपर्यंत पांढरी ट्यूब, तिचं काम आटोपलं की पिवळा.

पहिले आठ-दहा दिवस काही फरक पडला नाही, उलट हात सारखा कोनाड्याकडे जायचा. तिसऱ्या आठवड्यात एकदा साडेदहाला पाठ टेकली आणि थेट पहाटे पाचला पाखरांच्या आवाजाने जाग आली. डोळ्यांना बरं वाटायला मात्र दोन महिने लागले. अजूनही हिशेबाच्या दिवशी संध्याकाळी चुरचुरतात, तेव्हा मोबाइल ठेवून मी ओसरीच्या पायरीवर बसतो आणि सातपुड्याकडे बघतो. दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद बघा, असं डॉक्टर सांगतात. आमच्याकडे डोंगर वीस फुटांपेक्षा बराच लांब आहे.

काळजी वाटते ती मुलाची. तो जळगावला अभ्यासिकेत असतो, सकाळपासून रात्रीपर्यंत ट्यूबखाली. मी दिवसभर शेतात असतो. लक्स या उजेडाच्या मापात भर दुपारी बाहेर लाखभर उजेड असतो, खोलीत दोन-तीनशे. दिवसा डोळ्यांना भरपूर उजेड मिळाला तर संध्याकाळच्या उजेडाचा घड्याळावर कमी परिणाम होतो. म्हणजे मोबाइल माझ्यापेक्षा त्याला जास्त बाधतो, आणि त्या वयात शरीराचं घड्याळ मुळातच उशिराने चालतं. सुट्टीत घरी आला की चादरीच्या आतून निळसर उजेड दिसतो. मी रागावलो नाही. माझा बाप रागावला असता तर मी ऐकलं असतं का, हे मला माहीत आहे. त्याला माझी उजव्या डोळ्याची गोष्ट सांगितली, आजोबांच्या डोळ्याची सांगितली, आणि सकाळी सहाला कटाईवर सोबत चल म्हटलं. चार दिवस आला. चौथ्या रात्री चादर दहाच्या आत काळोखी होती. पुन्हा जळगावला गेल्यावर काय करतो ते मी विचारत नाही. होस्टेलचा नंबर मात्र त्या चारांत ठेवला आहे.

परवा रात्रपाळी होती. दोन वाजून दहा मिनिटांनी जिन्यात रिंग वाजली. अंधारातच उठून कोनाड्यापाशी गेलो, मोटर चालू झाल्याचं ऐकलं, मोबाइल तिथेच पालथा ठेवला आणि वर आलो. टाकी, दोरी, डोंगराची रेघ, दोन्ही डोळ्यांना सारखीच दिसत होती. आई जागी होती.

"आली का रे लाईट?"

"आली."

"मग पड आता," म्हणाली आणि तिने कूस बदलली.